ऑटोमॅटिक गाडीचे ट्रान्समिशन ऑइल रत्नागिरीत घरच्या घरी बदलता येते का?

बदलता येते; मात्र गाडी टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग असलेली) आहे की सीव्हीटी (ठराविक गिअरऐवजी पट्टा आणि पुली असलेली), हे आधी पाहून मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच ऑइल आणावे, कारण एकाचे ऑइल दुसऱ्याला चालत नाही. जांभ्या मातीचे अंगण पावसात मऊ पडते, म्हणून जॅक स्टँड (उचललेली गाडी पेलणारे टेकू) काँक्रीटवरच लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

खालचा ड्रेन बोल्ट खोलण्यापूर्वी ऑइल भरण्याचा बोल्ट सुटतो आहे ना, याची खात्री करावी, कारण खाऱ्या हवेने तो गंजून अडकलेला असला, तर ऑइल काढून टाकलेली गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेता येणार नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत एका वेळी सहसा निम्म्याहून कमी ऑइल निघते, बाकीचे कन्व्हर्टरमध्येच राहते. म्हणून निघाले तेवढेच मोजून भरावे, बोल्टला नवे वॉशर घालावे आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला, गाडी सपाट जागी ठेवून, पातळी तपासावी.

निघालेले ऑइल गुलाबी दुधासारखे दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे समजावे. २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या पाण्यात बुडालेल्या गाडीत ही शंका आधीच घ्यावी आणि ती सुरू न करता टो करून न्यावी.