केनियात भावाकडे जाताय, तर मे महिना टाळा

ताई, सलाम.

धाकटा भाऊ आणि वहिनी केनियात किसुमू शहराच्या बाजूला मिशन हॉस्पिटलात सेवा करतात. मेच्या सुट्टीत आई, मिस्टर आणि मुलांना घेऊन महिनाभर त्यांच्याकडे जावं का, आणि जमलं तर मिस्टरांनी अकाउंट्सची नोकरी धरून सगळ्यांनीच तिकडे राहायला जावं का, असं तुम्ही विचारलंय. माझा संसार नैरोबीतच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भेटायला जरूर जा. फक्त भावाची भेट आणि राहायला जायची चाचपणी, ही दोन कामं वेगवेगळी धरा. किसुमूत क्वार्टरमध्ये बसून नैरोबीतल्या नोकरीचा अंदाज येणार नाही, आणि नोकरीच्या काळजीत भावाशी निवांत बोलणंही व्हायचं नाही.

आधी महिन्याचं बघू. मार्च ते मे हा इथला मोठा पाऊस. आडबाजूचे कच्चे रस्ते चिखलाने भरतात आणि मलेरियाही वाढतो, म्हणजे हॉस्पिटलात नेमकी तेव्हाच गर्दी. तुम्ही पोचाल आणि वहिनी डबल ड्युटीवर असतील. नाताळ एकत्र करावासा वाटणं साहजिक आहे, पण तेव्हा अर्धं नैरोबी गावी गेलेलं असतं, ऑफिसात कुणी भेटत नाही. मला विचाराल तर दिवाळीची सुट्टी गाठा. पाऊस तेव्हाही असतो, पण मेइतका नाही, आणि कचेऱ्या चालू असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पिवळ्या तापाची लस. केनियाहून परतताना भारतात तिचं प्रमाणपत्र मागतात आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, पुढे ते जन्मभर चालतं. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, तिथे आधी नंबर लावावा लागतो. मुलांचं आणि तुमचं सोपं आहे. आईंचं वय तुम्ही ६६ लिहिलंय. ही जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीनंतर तिचा त्रास होण्याची शक्यता वाढते, त्यामुळे त्यांचा बीपी, शुगर, चालू औषधं सगळं डॉक्टरांना दाखवून मगच ठरवा. तिकिटं त्यानंतर काढा. डॉक्टर नको म्हणाले तर आईंना आग्रह करू नका, भाऊच रजेवर घरी येईल तेव्हा भेट होईल.

नैरोबी उंचावर असल्याने तिथे मलेरियाची भीती कमी, पण किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आहे, तिथे ती खरी आहे. प्रतिबंधाच्या गोळ्या निघण्याआधी सुरू होतात आणि परतल्यावरही ठरल्याप्रमाणे पूर्ण करायच्या असतात. घरी आल्यावर काही महिन्यांत कुणालाही ताप आला तर आफ्रिकेतून आलोय हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

व्हिसाऐवजी २०२४ पासून ईटीए, म्हणजे प्रवासाचा आगाऊ परवाना, काढावा लागतो, ऑनलाइन, प्रत्येकाचा वेगळा, लहान मुलांचासुद्धा. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे. पुढे किसुमूला विमानाने तासाभरात पोचाल, पण येताना तरी गाडीने या. केरिचोचे चहाचे मळे मुलांनी बघायलाच हवेत.

भावाच्या घराबद्दल थोडं स्पष्ट लिहिते. मिशनची क्वार्टर लहान असते, आणि सेवेतल्या माणसांचा खर्च बऱ्याचदा चर्चच्या मंडळ्यांच्या देणग्यांवर चालतो. पाच माणसं महिनाभर म्हणजे त्या घरावर मोठा भार. दहा-बारा दिवस राहा. भाऊ पैसे घेणार नाही, तेव्हा पहिल्याच आठवड्यात वहिनींबरोबर बाजारात जा आणि किराणा तुम्ही भरा. वॉर्डात मुलांना मोबाइल काढू देऊ नका. पेशंटचे फोटो घेणं बरोबर नाही. रविवारी मात्र चर्चमध्ये उपासनेला सगळे जा. ती लांबते, तीन तासही होतात, आणि पाहुण्यांना उभं राहून ओळख सांगायला लावतात. आईंना "ब्वाना असिफिवे" एवढं शिकवून ठेवा, स्वाहिलीत म्हणजे प्रभूची स्तुती असो. त्या बोलल्या की सगळी मंडळी "आमेन" म्हणेल. मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल उभं केलं, तेव्हा परदेशातली माणसं आपल्यात येऊन राहिली होती. आज आपल्या घरची मुलं दुसऱ्यांच्या गावात तशीच राहतात, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आता राहायला येण्याचं. ईटीएवर नोकरी करता येत नाही. नोकरीसाठी डी वर्गाचं परमिट लागतं आणि त्यासाठी कंपनी पाठीशी उभी राहावी लागते. भावाचं मिशनचं परमिट आय वर्गाचं असणार, त्यावर तुमच्या मिस्टरांना काम मिळणार नाही. म्हणून परतीच्या आधी चार-पाच दिवस नैरोबीसाठी राखा. पार्कलँड्सला उतरा, तिथे आपली भारतीय वस्ती आहे, डाळ-पीठ सगळं मिळतं. मिस्टरांनी तेवढ्यात भेटी ठरवून घ्याव्यात, तुम्ही शाळा बघा. इथल्या अभ्यासक्रमाच्या शाळा जानेवारीत सुरू होतात. थोरली नववीत आहे, तिची दहावी होईपर्यंत तिला हलवू नका असं माझं ठाम मत आहे. परमिट हातात आलं तर मिस्टरांनी आधी एकट्याने यावं.

सामानात कॅरीबॅग एकही नको. २०१७ पासून इथे प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. लाडू-चिवडा स्टीलच्या डब्यांत, लोणचं घट्ट झाकणाच्या बरणीत आणि कपडे कापडी पिशव्यांत भरा. काय आणू ते भावाला नको, वहिनींना विचारा.

लसीचं काय ठरलं ते कळवा. नैरोबीतल्या राहण्याचं मी बघते.