'स्वायत्तता' की 'सार्वभौमत्व'?

अमेरिकेतील पुराणमतवाद्यांच्या मतांविषयीचा एक लेख मराठीत आणताना एका वाचकाने असे वाक्य लिहिले आहे: "आंतरराष्ट्रीय करार आणि नोकरशाहीचे नियमन यांमुळे राज्याच्या स्वायत्ततेला बाधा येते." येथे 'स्वायत्तता' योग्य की 'सार्वभौमत्व', आणि 'नियमन' चालेल का, अशी त्यांची पृच्छा आहे.

'स्वायत्तता' चालणार नाही. आयत्त म्हणजे अधीन, आणि जो स्वतःच्याच अधीन तो स्वायत्त, ही व्युत्पत्ती निर्दोष असली, तरी मराठीतील वापराने या शब्दाच्या डोक्यावर एक वरिष्ठ बसवून ठेवला आहे. महाविद्यालयाच्या फाटकावरील पाटीवर नावापुढे कंसात 'स्वायत्त' असे लिहिलेले असते, तेव्हा अभ्यासक्रम आणि परीक्षा त्याच्या हाती असतात, पण पदवी विद्यापीठाचीच मिळते. भारताच्या परराष्ट्र धोरणातील 'व्यूहात्मक स्वायत्तते'त असा वरिष्ठ दिसत नाही हे खरे. मात्र ती संज्ञा निर्णय घेण्याच्या मोकळीकीविषयी आहे, सत्तेच्या उगमाविषयी नाही. आपल्या लेखातील वाद उगमाचाच आहे. कायदा करण्याचा अधिकार अमेरिकी मतदारांकडून येतो, म्हणून ज्याला त्यांनी निवडून दिलेले नाही, मग तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातील न्यायाधीश असो की वॉशिंग्टनमधील अधिकारी, त्याने तो गाजवू नये, असे हे पुराणमतवादी म्हणतात.

'सार्वभौम' या शब्दाचा प्रवास मात्र मोठा गमतीचा आहे. 'सर्वभूमीचा ईश्वर' या अर्थाने पाणिनीने तो सिद्ध केला आणि त्याच सूत्रात पृथिवीपासून 'पार्थिव' दिला. अमरकोशात तो चक्रवर्तीचा पर्याय आहे, शिवाय उत्तर दिशा सांभाळणाऱ्या दिग्गजाचे, म्हणजे पुराणातील हत्तीचे, नावही तेच आहे. म्हणजे अवघ्या भूमीवर हक्क सांगणाऱ्याचा शब्द आज स्वतःच्या कुंपणात दुसऱ्याचा पाय पडू न देणाऱ्याला लागतो. (२००३ साली इराकवरील स्वारीचे समर्थन करणारे नवपुराणमतवादी, ज्यांच्या नावात अनुवादकांनी 'नव' आणि 'पुराण' यांना शेजारी नांदवले आहे, त्यांना कदाचित जुना अर्थच अधिक शोभेल.) हिंदीवरून अनुवाद करणाऱ्यांना येथे आणखी एक खड्डा आहे. तेथे आपल्या अर्थी 'संप्रभुता' रूढ आहे आणि मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्याला 'सार्वभौम घोषणा' म्हणतात. ज्या जागतिक निकषांकडे हे पुराणमतवादी संशयाने पाहतात ते हिंदीत सार्वभौम, आणि त्यांच्यापासून जे वाचवायचे ते मराठीत सार्वभौमत्व! संविधानाच्या मराठी उद्देशिकेत 'सार्वभौम' आहेच, तेव्हा आपण 'सार्वभौमत्व' निःशंक वापरावे. 'सार्वभौमता' हेही शुद्ध आहे.

खरी अडचण मला 'राज्याच्या' या शब्दात दिसते, कारण अमेरिकी लेखनात सार्वभौमत्व दोघांचे असते, राष्ट्राचे आणि घटकराज्याचे, आणि एकाच करारामुळे दोन्ही प्रश्न उभे राहू शकतात. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या शिकारीवर निर्बंध घालणारा अमेरिकी संघसरकारचा १९१३ चा कायदा खालच्या न्यायालयांत टिकला नाही. मग १९१६ मध्ये कॅनडाच्या वतीने ब्रिटनने अमेरिकेशी त्याच विषयावर करार केला आणि त्याच्या आधारे १९१८ मध्ये नवा कायदा झाला. पक्षी आमचे आहेत आणि दहाव्या घटनादुरुस्तीने उरलेले अधिकार घटकराज्यांना दिले आहेत, असे म्हणत मिसूरी राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९२० मध्ये हरले. न्यायमूर्ती होम्स यांच्या निकालपत्राचा एक रोख असा की आज येथे आणि उद्या भलतीकडे असणाऱ्या पाखरांवर राज्याची मालकी कसली? जे साध्या कायद्याने जमले नाही ते कराराच्या वाटेने जमते, ही धास्ती तेव्हापासूनची आहे. तिच्यातूनच ओहायोचे रिपब्लिकन सिनेटर ब्रिकर यांनी कराराधिकाराला लगाम घालणारी घटनादुरुस्ती सुचवली. तिचा सौम्य केलेला मसुदा फेब्रुवारी १९५४ मध्ये सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३१ मतांनी, म्हणजे दोन-तृतीयांशाला अवघे एक मत कमी पडून, फेटाळला गेला. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर रिपब्लिकनच होते, पण या दुरुस्तीला त्यांचा विरोध होता. तेव्हा आपल्या वाक्यात नुसते 'राज्य' न लिहिता मूळ लेखकाला कोणते अभिप्रेत आहे ते पाहून 'घटकराज्य' किंवा 'राष्ट्र' लिहावे.

'नियमन' ही क्रिया झाली. विधिमंडळ करते तो अधिनियम आणि त्याने दिलेल्या अधिकारात एखादे प्राधिकरण करते ते विनियम, हा भेद आपल्या कायद्याच्या मराठीत आहे, आणि तक्रार नेमकी त्या दुसऱ्याविषयी आहे. हेरिंग मासे पकडणाऱ्या बोटींनी निरीक्षकाचा पगारही स्वतः द्यावा, असा विनियम एका संघीय यंत्रणेने केला होता. कायद्यात त्या बोटींबाबत तसे स्पष्ट म्हटले नव्हते. त्या वादात सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये, संदिग्ध कायद्याचा यंत्रणेने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयांनी मानावा, हा १९८४ पासूनचा दंडक मोडीत काढला. आधी पाखरे, मग मासे!

मूळ लेखकाचा रोख राष्ट्राकडे असेल, तर आपले वाक्य मी असे लिहीन: "आंतरराष्ट्रीय करार आणि नोकरशाहीने केलेले विनियम यांमुळे राष्ट्राच्या सार्वभौमत्वाला बाधा येते."