पी-२२ ला पी-९१ जोडताना रॉड कुठला आणि एसआर किती डिग्रीला?

तुमचा प्रश्न असा आहे की स्टीम लाइनमध्ये पी-२२ चा (सव्वादोन टक्के क्रोमचं स्टील) पाइप पी-९१ ला (नऊ टक्के क्रोमचं स्टील) वेल्ड करायचाय, एक जण सांगतो ७०० डिग्री सेल्सिअसला एसआर (वेल्डनंतर जॉइंट गरम ठेवून ताण आणि कडकपणा उतरवणं) करा, दुसरा म्हणतो ७६०, रॉड बी-३ चा (पी-२२ च्या जातीचा) की बी-९ चा (पी-९१ च्या जातीचा) यावरही वाद चाललाय, आणि पुढे त्याच पी-९१ ला ३०४एच स्टेनलेस पण जोडायचंय. मी आधी वेल्डर होतो, नंतर क्वालिटीत आलो, असे जॉइंट बरेच हाताखालून गेलेत, तर सविस्तर सांगतो.

रॉड बी-३ चा घ्या. भारी रॉड घातला की जॉइंट भारी होतो असं लोकांना वाटतं, पण एका बाजूला पी-२२ आहे म्हटल्यावर गरम असताना त्या जॉइंटची ताकद पी-२२ एवढीच राहणार, बी-९ घालून ती वाढत नाही. बी-९ ने चूक होते असं नाही, पण त्याचे लाड जास्त, रॉडमधल्या निकेल-मॅंगनीजची बेरीज बघा, एसआरची मर्यादा सांभाळा, आणि एवढं करून पदरात जास्तीचं काहीच नाही.

आता तापमान. ७०० कमी पडतं, कारण पी-९१ चा हीट अफेक्टेड झोन (वेल्डच्या धगीने बदललेला शेजारचा पट्टा) वेल्डनंतर कडक, ठिसूळ मार्टेन्साइट झालेला असतो आणि तो ७०० ला नीट टेंपर होत नाही, म्हणजे हवा तेवढा मऊ पडत नाही, हार्डनेस वरच राहतो. ७६० ला कुठलीच बाजू बिघडणार नाही, पी-२२ ची खालची क्रिटिकल रेषा (स्टीलची रचना बदलायला लागते ते तापमान) साधारण ८०५ ला आणि पी-९१ ची ८३० च्या आसपास, दोन्ही लांब आहेत, पण बी-३ चं वेल्ड मेटल तिथे जास्त मऊ पडतं आणि दुसरी भानगड होते ती कार्बनची. कार्बन कमी क्रोमकडून जास्त क्रोमकडे पळतो, आणि एसआरच्या तापमानाला त्याला पळायला भरपूर वाव मिळतो. एकदा एका टेस्ट कूपनचा तुकडा कापून, पॉलिश करून नायटल (रचना उठून दिसावी म्हणून लावतात ते ॲसिड) लावला होता, भिंगातून बघितलं तर पी-९१ च्या फ्यूजन लाइनला लागून वेल्डच्या बाजूला एक फिकट पांढरी पट्टी, केसाहून थोडी जाड, आणि तिला अगदी चिकटून पी-९१ च्या अंगाला काळपट रेघ. पांढरी म्हणजे कार्बन निघून गेलेला मऊ भाग, काळी म्हणजे तोच कार्बन कार्बाइड होऊन बसलेला कडक भाग. मऊ-कडक असे शेजारी शेजारी, क्रीपमध्ये (गरम असताना भाराखाली हळूहळू ताणलं जाताना) भेग पडायची तर इथूनच. तापमान आणि वेळ जेवढी जास्त तेवढी ही पट्टी रुंद होत जाते, म्हणून "अजून तासभर ठेवू, काय बिघडतं" हे या जॉइंटला चालत नाही. मी ७३० ते ७४५ मध्ये ठेवतो, वेळ ढोबळ हिशोबाने दर २५ मिमी जाडीला १ तास, पण शेवटी तुमच्या पीक्यूआरमध्ये (वेल्डची पद्धत तपासून पास केल्याची नोंद) जे क्वालिफाय झालंय तेच धरायचं.

प्रीहीट (वेल्डआधी तापवणं) पूर्ण जॉइंटला पी-९१ चं धरा, किमान २००, इंटरपास (दोन थरांमधलं तापमान) ३०० च्या पुढे जाऊ देऊ नका, रॉड ओव्हनमधून गरम काढून वापरा. आणि वेल्ड संपल्या संपल्या लगेच एसआरला घालू नका!! आधी १०० च्या खाली येऊ द्या, कारण तोपर्यंत पी-९१ मध्ये ऑस्टेनाइट (अजून मार्टेन्साइट न झालेली रचना) शिल्लक असतं, ते तसंच एसआरमध्ये गेलं तर नंतर थंड होताना त्याचं ताजं कडक मार्टेन्साइट होतं आणि टेंपरिंगवर पाणी. तसंच, वेल्ड झालेला जॉइंट एसआर न करता चार-चार दिवस दमट हवेत सोडून ठेवणं हेही वाईट.

थर्मोकपलवर (तापमान मोजायला जॉइंटवर लावतात ती तार) मी जरा जास्त बोलणार. त्याच दाबाला पी-२२ ची भिंत पी-९१ पेक्षा जाड लागते, म्हणजे एका बाजूला जाड एका बाजूला पातळ. एका जॉइंटवर कंट्रोलचं थर्मोकपल फक्त जाड बाजूला लावलं होतं, चार्टवर ७४० ची सरळ सुंदर रेघ, सगळ्यांनी सह्या केल्या. ग्राइंडर मारून हार्डनेस घेतला तर पी-२२ बरोबर, वेल्ड बरोबर, आणि पी-९१ वर १६८ ब्रिनेल! तिथे १९० च्या खाली यायलाच नको. जाड बाजू तापायला वेळ घेत होती, कंट्रोलर करंट देत राहिला आणि पातळ बाजू मर्यादेच्या पार गेली, शेवटी तेवढा तुकडा कापून काढावा लागला. म्हणून पातळ बाजू, जाड बाजू आणि वेल्ड, तिन्हीवर थर्मोकपल लावा आणि हीटिंग पॅड दोन्ही बाजूंना वेगळ्या कंट्रोलवर घ्या.

३०४एच चं गणित वेगळं आहे. तो जॉइंट एकत्र एसआर करू नका, ४२५ ते ८५० मध्ये स्टेनलेसच्या ग्रेन बाउंडरीवर क्रोम कार्बाइड बसतं आणि गंजाला वाट मिळते. शिवाय स्ट्रेसही खरं म्हणजे जात नाही, कारण ३०४ चं प्रसरण दर डिग्रीला मीटरमागे १७-१८ मायक्रॉन आणि पी-९१ चं १२ च्या आसपास, थंड होताना ताण परत येऊन बसतो. त्यामुळे पी-९१ च्या बेव्हलवर (वेल्डसाठी तासलेली तिरकी कड) आधी निकेलच्या फिलरने, ईआर-एनआयसीआर-३ किंवा तसाच, बटरिंग करा, म्हणजे वेल्डचा थर चढवा, मशिन केल्यावर ६ मिमी तरी शिल्लक राहील एवढं, मग फक्त त्या पी-९१ च्या तुकड्याला ७५०-७६० ला एसआर द्या, पीटी (रंग लावून भेगा बघायची टेस्ट) करा, आणि नंतर त्याच निकेल फिलरने ३०४ ला जोडून एसआर न करता सोडा. शेवटच्या वेल्डची धग बटरिंगमध्येच संपते, पी-९१ पर्यंत पोचत नाही. ३०९ चा रॉड स्वस्त पडतो म्हणून कुणी सुचवेल, पण गरम स्टीम लाइनवर नको, त्याचं प्रसरण ३०४ सारखंच, म्हणजे सगळा ताण पी-९१ च्या काठावर येतो, आणि कार्बनही तिकडेच पळतो. निकेल दोघांच्या मधलं, १४ च्या आसपास.

भिंतीची जाडी आणि चालू तापमान टाकलंत तर बटरिंगचे पास आणि हीटिंग रेट यावर अजून सांगता येईल.