जुनी पिकअप घेताय? आधी खाली शिरून बघा

प्रश्न: नमस्कार दादा, माझं फॅब्रिकेशनचं छोटं काम आहे, ग्रिल, गेट, शेडचं मटेरियल साइटवर न्यायला आत्तापर्यंत भाड्याची गाडी बोलवायचो, आता स्वतःची जुनी डिझेल पिकअप घ्यायचं ठरवलंय. दोन बघून आलो, किंमत जवळजवळ सारखीच. एक 9 वर्षांची, मीटर 1,40,000, दिसायला चकाचक, मालक म्हणतो जवळच्या जवळच फिरली. दुसरी 5 वर्षांची, मीटर 2,10,000, हौद्याला भरपूर पोचे आणि ओरखडे पण सर्व्हिसची सगळी बिलं आहेत. घरचे म्हणतात कमी चाललेली घे. कुठली घेऊ, आणि पुढं खर्च किती धरू?

उत्तर: भाऊ, मी असतो तर दुसरी आधी तपासली असती, आणि ती खालून चांगली निघाली तर पहिलीकडं परत गेलोच नसतो. 5 वर्षांत 2,10,000 म्हणजे वर्षाला 42,000, एवढं चालायचं तर गाडी बहुतेक लांबच्या रस्त्याला, वरच्या गिअरमध्ये, इंजिन गरम असताना चाललीय. पहिलीचं वर्षाला साडेपंधरा हजारच पडतं आणि तेही जवळच्या फेऱ्यांचं, आणि डिझेल इंजिनला थंड असताना चालू करून चार किलोमीटरवर बंद करणं फार बाधतं. ऑइल पुरतं तापत नाही, त्यात डिझेल आणि पाण्याचा अंश तसाच राहतो. गाडीला डीपीएफ असेल, म्हणजे सायलेन्सरच्या लाइनमधला काजळी अडवणारा फिल्टर, तर ती काजळी जाळायला तो साधारण 600 डिग्रीपर्यंत तापावा लागतो, छोट्या फेऱ्यात तेवढा तापतच नाही, मग चोक होतो आणि बदलायचा म्हटलं की महागात पडतो. क्लच, ब्रेक, स्टार्टर पण अशाच वापरात लवकर जातात.

आणि मीटर फिरवता येतो हे विसरू नका. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर बघा, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा, स्टिअरिंग हाताने गुळगुळीत झालंय का बघा. पेडलचं रबर घासून सपाट झालेलं आणि मीटर मात्र लाखभर, हे पटत नाही. बिलांवरचे किलोमीटर तारखेप्रमाणे चढत गेलेत का तेही ओळीने वाचा.

पण माझा खरा आग्रह खाली शिरण्याचा आहे. कारमध्ये इंजिन बघून निम्मं काम होतं, पिकअपचं तसं नाही, ती किती लोड घेऊन चाललीय हे चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, आणि पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, सांगतात. मागे एकदा मामेभावासाठी एक गाडी बघायला गेलो होतो, वरून नजर लागावी अशी, त्याने मनात पक्कीच केली होती. मी टॉर्च घेऊन खाली आडवा झालो तर मागच्या पाट्याच्या हँगरवर, म्हणजे पाटा चेसिसला अडकवतात त्या ब्रॅकेटपाशी, चेसिसला वीतभर काळा रंग नवा दिसला, बाकी सगळीकडं जुनी धूळ आणि ऑइलचा थर. चावीने खरवडलं तर रंगाखाली वेल्डिंगची जाड रेघ, आणि तिच्या टोकापासून केसासारखी तांबूस चीर पुन्हा पुढं निघालेली. मालकाला विचारलं तर म्हणाला वेल्डिंग आहे हे मलाच माहीत नाही. आम्ही तिथूनच परत फिरलो. चेसिसला वेल्डिंग केलेली गाडी घ्यायचीच नाही असं मी म्हणत नाही, पण जिथं सगळा लोड बसतो तिथं चीर परत निघालेली असेल तर ती गाडी फुकट पण नको.

तुम्ही वेल्डिंगवाले, तुमच्या नजरेतून चीर सुटायची नाही. केबिनच्या मागे, हँगरपाशी आणि बंप स्टॉपच्या, म्हणजे अ‍ॅक्सल चेसिसवर आदळू नये म्हणून लावलेल्या रबरी ठोकळ्याच्या, वर नीट बघा. बंप स्टॉपचं रबर चेंदलेलं असेल, रिकामी उभी असताना पण पाटे सरळ किंवा उलटे वाकलेले असतील, तर गाडी कायम ओव्हरलोड चाललीय. केबिन आणि हौद्यामधली फट वर-खाली सारखी पाहिजे, वर कमी आणि खाली जास्त म्हणजे चेसिस बसलीय. हौद्याच्या ओरखड्यांनी घाबरू नका, काम करणाऱ्या गाडीला ते असणारच, उलट ताज्या पेंटचा हौदा दिसला तर मला जास्त शंका येते.

इंजिनसाठी सकाळी जा आणि आधी सांगून ठेवा की गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा, कोमट लागलं तर थंड स्टार्टिंग लपवलंय असं समजा आणि दुसऱ्या दिवशी परत जा. चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून बघा, तिथून भकाभका धूर आला, झाकण नाचायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) झिजलेत, इंजिन काम निघणार. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जातंय किंवा डिझेल नीट जळत नाही. चालवताना वरच्या गिअरमध्ये हळू वेगात एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबा, इंजिनचा आवाज चढला पण गाडी ओढत नाही तर क्लच संपलाय. रिव्हर्समधून पुढं घेताना खालून ठण्ण असा आवाज आला तर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दांड्याचे सांधे, झिजलेत. जमलं तर मागे थोडं वजन टाकूनच चालवा, रिकाम्या पिकअपमध्ये अर्धे दोष झाकले जातात.

आता खर्च. पहिला खर्च डिझेलचा. वर्षाला 25,000 चालणार असाल आणि एक गाडी 12 चा अॅव्हरेज देते, दुसरी 9 चा, तर फरक जवळपास 700 लिटरचा होतो, दरवर्षी. दुसरं टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडझाप करवणारा पट्टा, तुमच्या मॉडेलला बेल्ट असेल आणि बदलल्याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून किमतीतून वजा करायला सांगा, कारण तो तुटला तर बहुतेक डिझेल इंजिनात पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. टायरची नक्षी बघतात सगळे, पण कडेचे शेवटचे चार आकडे पण वाचा, 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. माझा स्वतःचा नियम असा की खरेदीच्या किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढायचा, तेवढे हातात नसतील तर आणखी स्वस्तातली गाडी बघायची. इन्शुरन्स, सर्व्हिस आणि गाडी गॅरेजला उभी असेल त्या दिवसांचं भाडं हेही हिशोबात घाला. सगळं मिळून किलोमीटरला काय पडतं ते काढा आणि तुम्ही आत्ता देता त्या भाड्याशी ताडून बघा. महिन्याला चारच फेऱ्या असतील तर भाड्याचीच परवडेल.

प्रश्न: दादा, आम्ही बघितलेल्या पिकअपला मालकाने मागे जादा पाटा टाकलाय आणि म्हणतो आता डबल लोड घेते. मिस्टर खूश आहेत, मला धाकधूक वाटते. काय करावं?

उत्तर: ताई, तुमची धाकधूक बरोबर आहे. जादा पाट्याने गाडी मागून बसत नाही एवढंच, अ‍ॅक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि चेसिस तेच राहतात, त्यांची ताकद काही वाढत नाही. डबल लोड घेते असं मालक स्वतः सांगतोय म्हणजे तसा लोड टाकलेला पण आहे. मिस्टरांना म्हणावं चाक उचलून हाताने फिरवा, घरघर ऐकू येते का बघा, मग चाक वर-खाली धरून हलवा. बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) निघाला, किंवा डिफ्रन्शियलच्या (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या डब्याच्या) ऑइलमध्ये चमकणारा लोखंडाचा चुरा दिसला, तर टोकन देऊ नका.