पहिल्यांदा मसाजला जातेस? आधी तोंड उघडायला शिक

तू लिहिलंस की नागपूरच्या मिहानमध्ये दिवसभर लॅपटॉपवर बसून मान अन् उजवा खांदा दगड झालाय, एक्सरे नॉर्मल आहे, फिजिओने व्यायामासोबत मसाज घेऊन पाहा म्हटलंय आणि आता तुला टेन्शन येऊन राहिलं की तिथे नेमकं करतात काय, कपडे किती काढायचे, दुखतं का, किती वेळा जावं लागतं. वय ३१ लिहिलंस म्हणून सरळ अगं-तुगं करते, राग मानू नको. मी ५४ ची, इथेच महाल भागात घरीच ब्लाऊज शिवते, २६ वर्षं झाली, म्हणजे मान खाली घालून बसण्यात मी तुझी चांगलीच सिनिअर आहे.

आधी माझी फजिती सांगते. मला वाटायचं मालिश म्हणजे काय ते मला माहीत आहे, दोन्ही बाळंतपणांत मालिशवाली बाई यायची, ती काही विचारायची नाही अन् आपण काही सांगायचं नाही, पाटावर पाय लांब करून बसायचं, ती रगडायची, मग शेक घ्यायचा, झालं. तेच डोक्यात घेऊन मी पहिल्यांदा एका ठिकाणी गेले. त्या मुलीने कोपर घालून खांदा असा दाबला की डोळ्यांपुढे काजवे, अन् मी आपली दात आवळून गप्प, कारण दुखेल तेवढं बरं होईल असं कुणीतरी भरवून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी खांद्यावर हा एवढा निळा डाग अन् हात वर जाईना. ऐन लग्नसराईत दोन दिवस कात्री हातात धरता आली नाही, गिऱ्हाइकांच्या शिव्या वेगळ्या. चूक तिची होतीच, पण मीही पूर्ण तासात एकदा "हळू" म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या ठिकाणी गेले तर तिथल्या ताईंनी पहिली १५ मिनिटं मला हातच लावला नाही. बीपी, शुगर, कोणत्या गोळ्या, ऑपरेशन, कधी पडलात का, हाताला मुंग्या येतात का, वस्तू हातातून सुटतात का, सगळं लिहून घेतलं. मग स्टुलावर बसवलं अन् म्हणे, मशीनवर बसता तशा बसून दाखवा. मी वाकून बसले, उजवा खांदा कानाजवळ चढवून, तर हसल्या, म्हणाल्या दुखणं इथेच दिसून राहिलं. तुझ्याकडूनही हे सगळं विचारून घेतलं पाहिजे. कुणी काही न विचारता थेट "झोपा" म्हणालं तर तू स्वतःहून सांग, अन् तरी ऐकून घेत नसतील तर चप्पल घाल अन् ये परत.

आता कपडे, कारण खरी भीती तीच असते ना. मान-खांद्यासाठी पाठ उघडी लागते, बाकी काही नाही. तुला ज्यात अवघडल्यासारखं होणार नाही तेवढेच काढायचे, ब्राचे हूक नुसते मागून सोडले तरी चालतं, सलवार राहू दे. थेरपिस्ट खोलीबाहेर जातात, तू टेबलावर पालथी पडून चादर ओढून घ्यायची, मग त्या दार वाजवून आत येतात, आणि ज्या भागावर काम चाललंय तेवढीच चादर बाजूला होते. बाईच थेरपिस्ट पाहिजे असेल तर फोनवरच सांगून ठेव, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आईला किंवा मैत्रिणीला सोबत बसवायचं असेल तरी विचार. अन् मधेच हात नको तिथे गेला असं वाटलं तर विचार करत पडून राहू नको, "थांबा" म्हण अन् उठून बस, पैशाचं नंतर पाहता येतं.

टेबलाला तोंडासाठी गोल भोक असतं, त्यात तोंड घालून पडायचं. पहिली दहा मिनिटं विचित्र वाटतं, खालची फरशी अन् त्यांच्या सपाता तेवढ्या दिसतात, सर्दी असेल तर नाक पार चोंदतं म्हणून सर्दीत जाऊच नको. घोट्यांखाली उशी मागून घे, कंबरेला बरं पडतं. पोट गुडगुडतं, कुणी घोरतं, एकदा तर मला रडूच आलं, कशाचं ते आजही माहीत नाही. त्यांना याचं काही वाटत नाही, रोजचं आहे. तासभर आधी काही जड खाऊ नको, तर्री पोहे खाऊन पालथं पडायची हिंमत मी एकदाच केली.

सुरुवात हलक्या, लांब हाताने होते, तेल पसरवत, मग अंगठा, मुठीचा किंवा कोपराचा दाब. आणि इथेच तुला बोलायचंय. आमच्या ताई दाबाला आकडा विचारतात, १० म्हणजे अजिबात सहन होत नाही असं धरून. माझी गाडी ५-६ वर असते. सोपा हिशोब सांगते, दुखत असलं तरी श्वास नीट चालू आहे अन् "हो हो, तिथेच" असं वाटून राहिलं तर ठीक. श्वास अडकला, पायाची बोटं आकडली, खांदा आपोआप वर आला तर दाब जास्त झाला, कारण स्नायू सैल व्हायचं सोडून उलटा लढायला लागतो. करंट लागल्यासारखी चमक हातात गेली तर लगेच सांग.

एक गंमत होईल, घाबरू नको. मानेपासून खांद्याकडे जो जाड स्नायू जातो ना, त्यात एखादी जागा दाबली की ठणका तिथे न राहता मानेतून वर कानामागे अन् कानशिलापर्यंत जातो. मी तर वर्षभर अर्धशिशी समजून डोक्याला बाम चोळत होते. याला ते ट्रिगर पॉइंट म्हणतात. त्यावर जॅनेट ट्रॅव्हेल नावाच्या डॉक्टरीणबाईंनी खूप काम केलं, त्या केनेडींच्या व्हाइट हाउसमधल्या डॉक्टर होत्या, हे मला माझ्या लेकीने सांगितलं, ती फिजिओ शिकून राहिली. तीच मला असंही सांगते की मसाजने "टॉक्सिन निघतात" अन् "लॅक्टिक ॲसिड फुटतं" ह्या बोलायच्या गोष्टी आहेत, व्यायामाने वाढलेलं लॅक्टेट शरीर तासाभरात आपोआप निस्तरतं. पाणी तहान लागली म्हणून पी, टॉक्सिन काढायला म्हणून नको.

झाल्यावर एकदम उठू नको. कुशीवर हो, मग बस, मिनिटभर पाय खाली सोडून थांब. बीपीच्या गोळीवर असलेल्यांना तर जास्तच गरगरू शकतं. अन् मे महिन्यात दुपारची वेळ घेऊ नको गं बाई, आत एसी, अंगाला तेल अन् बाहेर ४५ डिग्रीत ॲक्टिव्हा, मी धंतोलीत एका झाडाखाली गाडी लावून बसले होते अर्धा तास. संध्याकाळची घे. जुना कॉटनचा कुर्ता घाल, तेलाचे डाग काही केल्या जात नाहीत (हे शिवणारीकडून ऐक). दुसऱ्या दिवशी अंग दुखेल, पहिल्यांदा जिम केल्यासारखं, दिवस-दोन दिवसांत उतरतं. निळं पडलं किंवा दुखणं वाढतच गेलं तर फोन करून सांग, पुढच्या वेळी हात हलका ठेवतात.

काही वेळा मसाज करायचाच नसतो, त्याबद्दल एक घरचं सांगते. सासऱ्यांचं पायाचं प्लास्टर निघालं अन् एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत होती, मी ताईंना म्हटलं जरा रगडून द्या. त्यांनी बोटानं दाबून पाहिलं, दुसऱ्या पायाशी ताडून पाहिलं अन् सरळ नाही म्हणाल्या, आधी डॉक्टरकडे न्या. डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी) केलं तर शिरेत रक्ताची गाठ. रगडली असती अन् ती सुटून फुप्फुसात गेली असती तर काय झालं असतं, मला विचारही नको वाटतो. म्हणून ताप, चामडीवर इन्फेक्शन, नुकतं फ्रॅक्चर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, कॅन्सरचे उपचार, पोटात बाळ, यातलं काही असलं तर आधी डॉक्टरला विचारायचं. शुगरवाल्यांनी तळपायाला गरम पोटली नको म्हणायचं, बधिर पायाला चटका कळत नाही. तुझं म्हणशील तर हात बधिर होतो का, पकड कमी झाली का, हे आधी पाहा. तसं असेल तर पहिले डॉक्टर.

आणि सलूनवाल्याकडून मान कडाक्कन मोडून घेणं हा मसाज नाही. तुझा भाऊ किंवा नवरा चंपीनंतर करून घेत असेल तर त्यालाही बंद करायला लाव, त्या झटक्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून लकवा झाल्याच्या केसेस आहेत.

कुणाकडे जायचं, तर फिजिओथेरपिस्ट असेल तर डिग्री अन् रजिस्ट्रेशन विचारायला लाजू नको, बाकी कुणी असेल तर कुठे शिकलात अन् किती महिने ते विचार, कारण चार दिवसांचा कोर्स करून बोर्ड लावणारेही आहेत. आयुर्वेदवाल्यांचं अभ्यंग वेगळं असतं, कोमट तेल, पूर्ण अंगाला एका लयीत, वर वाफ, मला फार आवडतं, पण एका खांद्यातली आखडलेल्या स्नायूची एकच गाठ मोडायला मी तिथे जाणार नाही.

किती वेळा? मी आठवड्यातून एकदा असे चार-पाच वेळा गेले अन् दर वेळी तिसऱ्या-चौथ्या दिवशी खांदा जागेवर, म्हणजे परत दगड. मग ताई एकदा वैतागून म्हणाल्या, तुमचा खांदा मी सोडवते अन् तुमचं टेबल परत बांधते. घरी आले, नवऱ्याने कटिंगच्या टेबलाच्या चारही पायांखाली विटा लावल्या, कापड पोटाऐवजी कोपराच्या उंचीवर आलं, अन् दर अर्ध्या तासाला उठून भिंतीला पाठ लावून हात वर-खाली करायला लागले. आता महिन्यातून एकदा जाते, कधी दोन महिन्यांनी. मसाजने चार दिवस हलकं वाटतं, ते चार दिवस व्यायाम करायला बरे असतात, त्याहून जास्त कुणी कबूल करत असेल अन् दहा सेशनचं पॅकेज आधीच गळ्यात मारत असेल तर घेऊ नको, एक करून पाहा.

तुझ्या लॅपटॉपचा स्क्रीन किती खाली आहे ते लिही अन् खुर्चीला हात टेकायला काही आहे का तेही. माऊस वेगळा वापरतेस का लॅपटॉपवरच बोटं फिरवतेस? उजवाच खांदा का, हे मला त्यावरून कळेल.