विहिरींचा तक्ता गावांच्या नकाशाला जोडताना

तुमचा प्रश्न मी असा समजलो. सिन्नर, चांदवड आणि येवला तालुक्यांतल्या विहिरींची पाणीपातळी तुमच्या संस्थेने काही वर्षं मोजली आहे. सगळ्या नोंदी एका एक्सेल शीटमध्ये आहेत आणि गावांच्या हद्दी शेपफाइल या नकाशाच्या फाइलमध्ये. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये गावाच्या नावावर जॉइन केलं, म्हणजे दोन्ही तक्ते जोडले, की बऱ्याच गावांसमोर रिकामं येतं. जी गावं जुळली, त्यांचा मे महिन्याचा नकाशा खरा वाटत नाही. शिवाय टंचाई असलेल्या गावांची लोकसंख्या काढायची आहे.

या तिन्ही अडचणी टेबलमधल्या आहेत, नकाशातल्या नाहीत. तेव्हा रंग, लेबल, लेआउट सध्या बाजूला ठेवा.

आधी जॉइन. गावाचं नाव ही गावाची ओळख धरू नका. नाशिक जिल्ह्यात पिंपळगाव किती आहेत ते तुम्हालाही माहीत असेल: बसवंत, खांब, बहुला, डुकरा, आणि शीट भरणारा माणूस घाईत नुसतं ‘पिंपळगाव’ लिहितो. खुर्द-बुद्रुकचं तेच. कुठे ‘खुर्द’, कुठे ‘खु’, कुठे ‘खु.’, आणि कुठे त्याच्यामागे एक रिकामी जागा, जी डोळ्यांना दिसत नाही पण जॉइन मोडते. तालुक्याचं नाव सोबत घेतलं तरी सुटका नाही, कारण एका यादीत बागलाण असतं आणि दुसरीत सटाणा. येवल्याचं इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. जुने तक्ते वापरणार असाल तर देवळा आणि त्र्यंबकेश्वर हे तालुके नंतर वेगळे झाले, हेही लक्षात ठेवा.

देवनागरीत आणखी एक अडचण आहे आणि ती शोधण्यात लोकांचे दिवसच्या दिवस जातात. ‘वऱ्हाणे’ हे नाव घ्या. त्यातला अर्धा र दोन वेगळ्या प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ‘ऱ’ला हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) देऊन तो बनवतात, तर काही साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. क्यूजीआयएसच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये (कॉलमवर सूत्र चालवायची खिडकी) दोन्ही नावांची लांबी काढून पाहा. आकडा वेगळा आला तर कारण सापडलंच. आणि शीट जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय पुढचं काहीच करू नका.

म्हणून जोडणी कोडवर करा. २०११च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी कोड आहे, महाराष्ट्राचा राज्य कोड २७ आणि नाशिक जिल्ह्याचा ५१६. तुमच्या शेपफाइलमध्ये हा गाव कोड बहुधा असेलच. शीटमध्ये तो नसेल तर एक वेगळा मिळवणी तक्ता बनवा. त्यात तीन कॉलम पुरतात: तुमच्या शीटमध्ये जसं लिहिलंय तसं नाव, तालुका आणि गाव कोड. मूळ शीटमधली नावं दुरुस्त करत बसू नका. पुढच्या वर्षी नवी शीट येईल तेव्हा चुका त्याच असतील आणि हा तक्ता तसाच कामी येईल. मिळतीजुळती नावं संगणकाला सुचवू द्या, पण होकार तो भाग पाहिलेल्या माणसाचाच हवा. तीन तालुक्यांपुरतं हे काम निवांत बसून होण्यासारखं आहे.

कोडबद्दल एक इशारा. तो अंकांचा असला तरी त्याला मजकूर म्हणूनच ठेवा. जनगणनेचे तालुका कोड पाच अंकी आहेत आणि महाराष्ट्राच्या कोडांच्या सुरुवातीला शून्य आहे. एक्सेलमध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) नुसती डबल क्लिक करून उघडली की ते शून्य उडतं आणि सेव्ह केलं की कायमचं जातं. गट नंबरचं याहून वाईट होतं. ‘१२/३’ टाइप केलं की एक्सेल त्याला १२ मार्च समजतो. मग तो सेल मजकूर म्हणून फॉरमॅट केला तर समोर ४५३६३ असा आकडा येतो (वर्ष २०२४ धरलं तर), आणि मूळ गट नंबर परत मिळत नाही. त्यामुळे टाइप करण्याआधीच कॉलमला टेक्स्ट फॉरमॅट द्या. क्यूजीआयएसमध्ये सीएसव्ही आणताना प्रत्येक फील्डचा, म्हणजे कॉलमचा, प्रकार तपासा. जुनी आवृत्ती असेल तर त्याच नावाची, शेवटी सीएसव्हीटी असलेली छोटी फाइल शेजारी ठेवून प्रकार सांगता येतात.

आता शेपफाइल. हद्दी मिळाल्या त्या फॉरमॅटमध्ये जरूर ठेवा, पण काम त्यात करू नका. तिच्यातला तक्ता डीबीएफ फाइलमध्ये असतो आणि तिथे फील्डच्या नावाला दहाच बाइट मिळतात. युनिकोडमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे ‘लोकसंख्या’मधलं ‘लोक’ जेमतेम मावेल. मजकुराच्या फील्डलाही २५४ची मर्यादा आहे, त्यामुळे मराठी शेरे अर्ध्यात तुटतात. त्याऐवजी जिओपॅकेज हा फॉरमॅट वापरा. एकाच फाइलमध्ये हद्दी, विहिरींचे बिंदू आणि नुसते तक्ते असं सगळं राहतं, आतून तो एसक्यूलाइट डेटाबेस असल्यामुळे एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा चालते, आणि नावं मराठीत पूर्ण लिहिता येतात. एकाच वेळी बरेच जण नोंदी भरणार असतील तरच पोस्टजीआयएस या सर्व्हरवरच्या डेटाबेसकडे जा.

शेपफाइल सोडायला सांगण्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र वेगळं आहे, आणि तुमचा मे महिन्याचा नकाशा बिघडण्यामागेही मला तेच दिसतं. काही सॉफ्टवेअर शेपफाइलमध्ये लिहिताना आकड्यांच्या रिकाम्या जागी शून्य भरतात. तुमच्या कॉलममध्ये जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली मीटरमध्ये आहे. तिथे शून्य म्हणजे पाणी जमिनीच्या पातळीला, विहीर काठोकाठ भरलेली. मोजायला कुणी गेलंच नाही अशी विहीर आणि तळ दिसणारी कोरडी विहीर, दोन्हींच्या जागी शून्य पडलं की नकाशात तीच गावं सगळ्यात निळी दिसतात. ॲट्रिब्यूट टेबल (नकाशामागचा तक्ता) खोलीवर चढत्या क्रमाने लावा आणि मे महिन्यातली शून्यं तपासा. मला खात्री आहे की बिघडलेली गावं बरीचशी तिथेच सापडतील.

यावर उपाय म्हणजे खोली आणि स्थिती असे दोन वेगळे कॉलम. स्थितीत ठरावीक शब्दच येऊ द्या: मोजली, कोरडी, मोजली नाही, विहीर बुजवली. क्यूजीआयएसच्या फॉर्ममध्ये यादी देता येते, म्हणजे कुणी ‘पाणी नव्हतं’ असं मनाने लिहिणार नाही. खोली फक्त ‘मोजली’ असेल तेव्हाच भरलेली आणि बाकी वेळी रिकामीच, अशी अटही तिथे घालता येते.

मांडणीही बदलावी लागेल. सध्या तुमच्याकडे प्रत्येक मोजणीला एक नवा कॉलम आहे, ‘मे १९’, ‘ऑक्टो १९’ असा. त्याऐवजी तीन तक्ते करा. गावांचा: गाव कोड आणि हद्द. विहिरींचा: विहिरीचा स्वतःचा कोड, गाव कोड, गट नंबर, तळापर्यंतची खोली आणि बिंदू. नोंदींचा: विहिरीचा कोड, तारीख, पाण्याची खोली, स्थिती, शेरा. नवी मोजणी आली की नोंदींमध्ये ओळी वाढतात, कॉलम नाही. हे तक्ते क्यूजीआयएसमध्ये रिलेशनने, म्हणजे एका ओळीला अनेक ओळी जोडणाऱ्या दुव्याने, बांधा. साधा लेअर जॉइन गावामागे एकच ओळ उचलतो आणि बाकीच्या विहिरी गुपचूप गळतात. तुमच्या नकाशात हेही घडलं असणार.

मग गावनिहाय गोळाबेरीज. क्यूजीआयएसच्या ‘स्टॅटिस्टिक्स बाय कॅटेगरीज’ या साधनाने किंवा व्हर्च्युअल लेअरमध्ये (एसक्यूएल लिहून बनवलेला लेअर) ग्रुप बाय लिहून ती सहज निघते, पण सरासरीवर विसंबू नका. समजा एका गावात पाच विहिरी आहेत. मे महिन्यात तीन कोरड्या, दोनमध्ये पाणी ६ आणि ८ मीटरवर. सरासरी ७ येते आणि गाव बरं दिसतं, कारण वाईट विहिरी हिशोबातूनच बाहेर पडल्या. टंचाई जितकी तीव्र, तितक्या जास्त विहिरी गळतात, म्हणजे जिथे टँकर लागतो तिथेच तुमचा आकडा गोड होतो. आपल्याकडच्या बेसाल्ट खडकात शेजारशेजारच्या विहिरींच्या पातळीतही मोठा फरक असतो, त्यामुळे उरलेल्या दोनांवरून गावाचा अंदाज बांधणं धोक्याचं आहे.

मी मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, वापरतो. विहिरी साधारण सारख्याच खोल असतील तर कोरडी विहीर सगळ्यात खोल पातळीची धरायला हरकत नाही. हिशोबापुरत्या वेगळ्या कॉलममध्ये तिला ९९९ द्या आणि मध्यक काढा. वरच्या गावाचा मध्यक ९९९ येईल, म्हणजे निम्म्याहून जास्त विहिरी आटल्या. नकाशावर त्या गावाला ‘कोरडं’ असा वेगळा वर्ग द्या. या कॉलमची सरासरी मात्र चुकूनही काढू नका. मध्यकासोबत मोजलेल्या आणि कोरड्या विहिरींची संख्या हे दोन कॉलम ठेवाच. एका विहिरीवरून रंगवलेलं गाव आणि दहा विहिरींवरून रंगवलेलं गाव यांतला फरक तहसील कार्यालयात नकाशा दाखवताना विचारला जातो, आणि विचारायलाच हवा.

लोकसंख्येसाठी जनगणनेचा प्राथमिक गोषवारा (गावागावाची लोकसंख्या देणारा तक्ता) घेतलात तर त्यात गावांच्या ओळींसोबत जिल्ह्याच्या, तालुक्यांच्या आणि शहरांच्या बेरजेच्या ओळीही असतात, शिवाय एकूण, ग्रामीण, नागरी अशा वेगवेगळ्या. न गाळता बेरीज केलीत तर तीच माणसं अनेकदा मोजली जातात. स्तराच्या कॉलमवर फक्त ‘गाव’ निवडा. पडताळा सोपा आहे: २०११ला नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१,०७,१८७ होती, त्यात ग्रामीण ३५,०९,८१४. जिल्ह्यातल्या सगळ्या गावांची बेरीज या दुसऱ्या आकड्याशी जुळली पाहिजे. ती जुळल्यावरच तुमचे तीन तालुके वेगळे काढा. अहवालात मात्र ही लोकसंख्या २०११ची आहे असं स्पष्ट लिहा.

सुरुवात मिळवणी तक्त्यापासून करा. कोड लावून झाल्यावर जी नावं उरतील त्यांची यादी तालुक्यासकट इथे टाका. येवला, चांदवडकडची गावं ओळखणारे इथे बरेच सदस्य आहेत आणि सिन्नरची मी स्वतः पाहून देईन.