आधी मासा ओळखू दे, कॅमेरा मग

प्रश्न : मी मालवणजवळच्या गावातला मच्छीमार. मुलगा गेल्या वर्षी बारावी सायन्स झाला, ६१ टक्के पडले. दोन सीझन स्कुबाच्या बोटीवर जातो, पर्यटकांना पाण्याखाली फिरवतो, त्यांचे व्हिडिओ काढतो. आता म्हणतो, पाण्याखालच्या जीवांचे फोटो काढणं हेच माझं करिअर. कॅमेऱ्यासाठी दोन लाखांचं कर्ज काढा म्हणून मागे लागलाय. मासे पकडूचे सोडून तेंचे फोटो काढून पॉट भरतला काय? हल्ली त्याचा कानही मधूनमधून दुखतो.

उत्तर : नमस्कार. कर्ज काढू नका. पण मुलाला या वाटेवरून मागेही ओढू नका.

नुसते फोटो विकून घर चालवणारे पाण्याखालचे छायाचित्रकार आपल्याकडे अगदी मोजके. बाकीचे डायव्हिंग शिकवतात, नाहीतर प्रवाळांच्या आणि माशांच्या सर्वेक्षणात काम करतात. फोटो त्या कामाच्या जोडीने येतात. म्हणून तुमच्या मुलाचं खरं भांडवल कॅमेरा नाही, रोज त्याच खडकावर उतरायला मिळणं हे आहे. पुण्या-मुंबईचा हौशी माणूस वर्षाकाठी चार दिवस येतो. तुमचा मुलगा ऑक्टोबर ते मे तिथेच असतो. कुठल्या कपारीत कोण राहतं, कुठला मासा अंड्यांवर राखण करतो, पाणी तापल्यावर पोवळं कुठल्या आठवड्यात पांढरं पडू लागतं, हे त्याच्याइतकं कुणाला दिसणार? फक्त त्याने ते बघायला आणि लिहून ठेवायला हवं.

पर्यटक हाताशी असताना हे होणार नाही, होऊही नये. तेव्हा त्याची नजर त्या माणसावरच हवी. आठवड्यातून एक डाइव्ह स्वतःसाठी, जोडीदार घेऊन, एकाच खडकावर. बोटीवरचा साधा कॅमेरा सुरुवातीला पुरे. पाण्यात लाल रंग पहिल्या पाचेक मीटरमध्येच विरतो, म्हणून सगळे फोटो निळे-हिरवे येतात. पुढे फ्लॅश लागेल तो त्यासाठी. पण आपलं पाणी गढूळ. लांबून फ्लॅश मारला तर गाळाचा कण न् कण चमकतो आणि फोटोत नुसता बर्फ पडल्यासारखं दिसतं. इथे जवळ जाऊनच फोटो निघतो. रंगीत समुद्री गोगलगाय, किंवा कोळंबी आणि गोबी मासा यांचं एकाच बिळातलं घर : कोळंबी वाळू उपसत राहते, तिला नीट दिसत नाही म्हणून गोबी दाराशी पहारा करतो, आणि कोळंबीची मिशी सतत त्याच्या अंगाला टेकलेली असते. हे टिपायचं तर दहा मिनिटं न हलता तरंगता आलं पाहिजे. गुडघे वाळूत नाहीत, हात पोवळ्यावर नाही, पायातल्या फिनने गाळ उडत नाही. या तरंगण्याला पैसे पडत नाहीत, आणि ते आल्याशिवाय दोन लाखांचा कॅमेराही फुकट.

एक गोष्ट त्याला माझ्यातर्फे स्पष्ट सांगा. व्हिडिओ चांगला यावा म्हणून माशांना बिस्किटं चारणं, पोवळ्याचा तुकडा वर आणणं, समुद्रघोडा हातात धरणं, यातलं काहीही नको. १९७२च्या वन्यजीव कायद्याने पोवळं आणि समुद्रघोडा दोघांनाही संरक्षण आहे.

आता तुमचं काम. हो, तुमचं. आठवड्याचे फोटो घेऊन त्याला तुमच्या शेजारी बसवा. हा हेकरू, ही तांबोशी. कुठल्या महिन्यात लागते, किती पाण्यात, कुठल्या जाळ्यात, पूर्वी कुठे मिळायची आणि आता कुठे मिळत नाही. त्याने तारखेसकट वहीत उतरवावं, समोर शास्त्रीय नाव शोधून लिहावं. १९८७मध्ये मालवणला सागरी अभयारण्य झालं तेव्हापासून मच्छीमारांच्या मनात जी नाराजी आहे, ती मला ठाऊक आहे. पाण्याखालची नोंद आणि होडीवरचं ज्ञान, दोन्ही ज्याच्या वहीत आहे असा मुलगा तुमच्या समाजातूनच यावा असं मला फार मनापासून वाटतं. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक हे बुडालेलं प्रवाळ पठार आहे. अशा ठिकाणी संशोधक जातात तेव्हा त्यांना पाण्यात शांत राहणारा आणि मासा बघताक्षणी ओळखणारा माणूस हवा असतो.

कागदही लागतील. त्याच्याकडे डायव्हिंगचं प्रमाणपत्र आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. नसेल तर फोटोच्या आधी ते. तारकर्लीत एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे. ओपन वॉटर हा पहिला कोर्स, १८ मीटरपर्यंत, पुढचा ॲडव्हान्स्ड ३० मीटरपर्यंत, मग रेस्क्यू, म्हणजे बचावाचा. त्यानंतर डाइव्हमास्टर, म्हणजे इतरांना पाण्याखाली नेणारा; त्याला वय १८ पूर्ण आणि सुरुवातीलाच ४० डाइव्ह नोंदलेल्या लागतात, म्हणून लॉगबुक आजपासून. ते झालं की कर्नाटकातलं नेत्राणी बेट, अंदमान, लक्षद्वीप इथलीही कामं मागता येतात.

आणि पदवी सोडू नये. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, चार वर्षांचा अभ्यासक्रम, प्रवेश सीईटीवर. माझा कल मात्र जवळच्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करण्याकडे, कारण त्यात खडक सुटत नाही. पावसाळ्यात डायव्हिंग बंदच असतं, ते महिने अभ्यासाचे. पुढे एम.एस्सी.ला गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान आहे, पुद्दुचेरी विद्यापीठाच्या पोर्ट ब्लेअरच्या (आताच्या श्री विजयपुरमच्या) केंद्रात सागरी जीवशास्त्र. दोन सीझनची वही भरली की कॅमेऱ्याचं बोलू, आणि तेव्हाही आधी १५ मीटरपर्यंत चालणारा छोटा, हाऊसिंगशिवायचा, म्हणजे वेगळी जलरोधक पेटी न लागणारा.

कानाचं तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंत, मी ते सगळ्यात आधी वाचलं. दहा मीटरवर पाण्याचा दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो, आणि हा मुलगा दिवसातून कितीतरी वेळा खालीवर करतोय. सर्दी असताना उतरला, कान मोकळा न करता घाईने खाली गेला, तर पडद्याला इजा होते. या आठवड्यात त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या, डायव्हिंग करतो हे सांगा, आणि त्यांनी हो म्हणेपर्यंत बोटीवर गेला तरी पाण्यात उतरू देऊ नका. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा.